गौतमीपुत्र सातकर्णी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नपत्रिकेवर आपण ‘श्रीशालिवाहन शके’ छापतो, पाडव्याला संकल्पात शालिवाहनाचे नाव घेतो. नाशिकला गेलो की पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढतो, तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत फोटो काढतो आणि उतरतो. त्याच ओसरीच्या भिंतीवर ब्राह्मी अक्षरांत एका आईने आपल्या गेलेल्या मुलाबद्दल लिहून ठेवले आहे. तो मुलगा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. त्याच्याविषयी लेण्यांवर, व्याख्यानांनंतर आणि पाडव्याच्या आसपास लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण प्रश्न छोटा असला तरी त्यामागचे भांडण जुने आहे.

गौतमीपुत्र सातकर्णी नक्की कोण?

सातवाहन घराण्यातला राजा. राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे गोदाकाठचे पैठण. त्याच्या आधी काही काळ या घराण्याला उतरती कळा लागली होती. उत्तर कोकण, नाशिक, जुन्नर, मावळ हा सगळा पट्टा क्षहरात वंशातल्या नहपान या क्षत्रपाच्या, म्हणजे शक प्रांताधिपतीच्या, हाती गेला होता. गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव करून हा मुलूख परत घेतला आणि पुढे सुराष्ट्र, माळव्यापर्यंत सत्ता नेली. त्याच्या लेखांत सर्वांत मोठे राज्यवर्ष २४ सापडते, म्हणजे किमान २४ वर्षे तो गादीवर होता. त्याच्यानंतर मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी आला.

एवढ्या जुन्या राजाची माहिती आपल्याला कुठून मिळते?

कुणी चरित्रकार नव्हता, दरबारी बखर नव्हती. जे आहे ते दगडावर आणि चांदीवर आहे.

नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री हिने पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षी कोरवून घेतलेली प्रशस्ती, म्हणजे स्तुतिलेख, आहे. त्याच ओसरीत त्याची स्वतःची दोन आज्ञापत्रे आहेत, एक १८व्या वर्षाचे आणि एक २४व्या वर्षाचे. कार्ल्याच्या लेण्यातही १८व्या वर्षाचे एक आज्ञापत्र आहे. त्यात राजाचे नाव झिजून गेले आहे, पण मजकुरावरून ते याचेच मानले जाते. मग नाणी, त्यात जोगलटेंभीचा साठा सर्वांत मोलाचा. शत्रूच्या बाजूने नहपानाचा जावई उषवदात याचे नाशिक आणि कार्ल्याचे लेख, आणि नहपानाचा अमात्य अयम याचा जुन्नरचा लेख. बाहेरून पाहणारे म्हणजे ‘पेरिप्लस’ हे ग्रीक भाषेतले समुद्रव्यापाराचे वर्णन आणि टॉलेमीचा भूगोल. पुराणांतल्या वंशावळी आणि जैन ग्रंथांतली एक कथाही आहे, पण त्या खूप नंतरच्या.

ही यादी मुद्दाम आधी दिली. समाजमाध्यमांवर या राजाबद्दल जे फिरते, त्यातले पुष्कळसे यातल्या एकाही साधनात नसते.

राजाचे नाव आईवरून का? सातवाहन मातृसत्ताक होते का?

मातृसत्ताक नव्हते. गादी बापाकडून मुलाकडेच जात होती. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र ही नावे आईच्या गोत्रावरून पडली आहेत. राजाला अनेक राण्या असत, तेव्हा कोणता मुलगा कोणत्या राणीचा हे अशा नावातून लगेच कळे. ही चाल फक्त राजघराण्यापुरतीही नव्हती. त्या काळच्या लेण्यांतल्या लेखांत आईच्या नावाने ओळख सांगणारे इतरही लोक भेटतात.

पण या आईचे स्थान नुसत्या नावापुरते नव्हते, हेही खरे. २४व्या वर्षाचे आज्ञापत्र राजा आणि राजमाता या दोघांच्या वचनाने निघाले आहे. त्यात तिला ‘जीवसुता’ म्हटले आहे, जिचा मुलगा हयात आहे अशी. पुढे प्रशस्तीत ती स्वतःला महाराजाची माता आणि महाराजाची पितामही म्हणवते. सत्य, दान, क्षमा, अहिंसा, तप, उपवास यांत रमलेली अशी आपली ओळख देते. या दोन लेखांच्या मधल्या काळात ‘जीवसुता’ हे विशेषण तिच्या नावामागून गळून पडले आहे. मला ती प्रशस्ती वाचताना हे आधी आठवते, दिग्विजय नंतर.

नहपानाशी वैर कशाचे होते?

पाठ्यपुस्तकात ‘शकांचे आक्रमण’ असे दोन शब्दांत संपते. मुळाशी मात्र वाटा आणि बंदरे होती.

रोमन साम्राज्याशी समुद्रमार्गे चालणारा व्यापार त्या काळात जोरात होता. पेरिप्लस सांगतो की भडोचहून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून कापड गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचला नेत. घाटमाथ्यावरचा माल कोकणात उतरवायला नाणेघाटासारख्या वाटा होत्या, आणि खाली कल्याण, सोपारा ही बंदरे. ज्याच्या हाती घाट, त्याच्या हाती जकात.

याच पुस्तकात कल्याणविषयी एक बोलके वाक्य आहे. थोरल्या ‘सरगनस’च्या, म्हणजे बहुधा थोरल्या सातकर्णीच्या काळात ते रीतसर बाजारपेठ होते. पण नंतर तिथे चुकून आलेली ग्रीक गलबते पहारा देऊन भडोचला नेली जाऊ लागली. भडोच नहपानाचे. सातवाहनांचे बंदर बंद पाडून व्यापार आपल्याकडे वळवायचा, हे आर्थिक युद्ध तलवारी निघण्याच्या आधीच चालू होते. अयमाचा लेख जुन्नरला आहे, नाणेघाटाच्या माथ्यावरच्या प्रदेशात. म्हणजे वाटेचा वरचा दरवाजाही क्षत्रपांच्या हाती होता. पैठणच्या राजाला हे सोसणे शक्यच नव्हते.

प्रत्यक्ष युद्ध कसे झाले?

रणांगणाचे वर्णन कुठेच नाही. पण एक तारीख आहे, आणि ती मला कुठल्याही युद्धवर्णनापेक्षा जिवंत वाटते.

१८व्या वर्षी, पावसाळ्याच्या दुसऱ्या पक्षाच्या पहिल्या दिवशी, सैन्याच्या विजयी छावणीतून गौतमीपुत्र गोवर्धनच्या, म्हणजे नाशिकजवळच्या ठाण्याच्या, अमात्य विष्णुपालिताला आज्ञा पाठवतो: पश्चिम काखडी गावातले २०० निवर्तने (जमिनीचे जुने माप) शेत, जे आजपर्यंत उषवदाताचे होते, ते त्रिरश्मी, म्हणजे पांडवलेण्यांच्या, डोंगरावरच्या भिक्षूंना दिले आहे. ‘आजपर्यंत’ हा शब्द बघा. नहपानाच्या जावयाची जमीन नुकतीच हाती आली आहे, सैन्य अजून छावणीत आहे, पाऊस चालू आहे, आणि राजा शेताची कागदपत्रे करतो आहे. कार्ल्याचे आज्ञापत्रही याच वर्षाचे. त्यात मावळातल्या अमात्याला कळवले आहे की करजक गाव वलूरक, म्हणजे कार्ल्याच्या, लेण्यातल्या भिक्षूंकडे राहील. हे गाव आधी उषवदातानेच दिलेले होते. नाशिक आणि मावळ एकाच वर्षात हाती आले होते, असा याचा सरळ अर्थ.

जैन परंपरेतली कथा अशी: भडोचचा नहवाहन, म्हणजे नहपान, धनाने बळकट होता, पैठणचा सातवाहन सैन्याने. वेढे घालूनही भडोच पडेना. तेव्हा सातवाहनाच्या मंत्र्याने हद्दपार झाल्याचे सोंग केले, भडोचच्या राजाचा विश्वास मिळवला आणि त्याला दानधर्मात खजिना रिता करायला लावला. पैसा संपला, शहर पडले. कथा म्हणूनच ती वाचावी. पण उषवदाताचे लेख वाचले की ती उगाच सुचली नसावी असे वाटत राहते. तीन लाख गाई दान, देवब्राह्मणांना १६ गावे, ३२ हजार नारळाची झाडे, घाट, धर्मशाळा, नद्यांवर फुकट नावा: हे सगळे त्याने स्वतःच कोरून ठेवले आहे.

जोगलटेंभीच्या नाण्यांत एवढे विशेष काय?

१९०६ साली नाशिकजवळ, सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी, आणि सगळी नहपानाची. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारला होता: एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळे जोडणारे उज्जैन चिन्ह. नहपानाचा चेहरा खाली आणि त्यावर विजेत्याची खूण, असे एकाच नाण्यात दोन राजे दिसतात.

प्रशस्तीत आई म्हणते, ‘खखरातवसनिरवसेसकरस’, क्षहरात वंश निःशेष करणारा. आईचा शब्द म्हणून कुणी तो अतिशयोक्त मानला असता. ही नाणी त्याला साक्ष देतात. दोन्ही साधने एकमेकांपासून स्वतंत्र आहेत आणि एकच गोष्ट सांगतात, प्राचीन भारताच्या इतिहासात असे फार क्वचित घडते.

यात एक व्यवहारही दिसतो. नाणी वितळवली नाहीत, बाजारात चालू ठेवली. चांदी तीच, वजन तेच, सत्ता बदलली एवढे लोकांना कळले की पुरे.

‘ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्याले’ हे खरे आहे का?

शब्द खरे आहेत: ‘तिसमुदतोयपीतवाहनस’. अर्थ मात्र जपून घ्यावा लागतो. त्याच प्रशस्तीत त्याच्या मुलखाची यादी आहे: असिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकर-अवन्ती. आजच्या भाषेत मराठवाडा, गोदाखोरे, विदर्भ, उत्तर कोकण, सौराष्ट्र, नर्मदाकाठ आणि माळवा. यात चोळ, पांड्य, चेर नाहीत. जिंकले असते तर आईने नक्की सांगितले असते.

पुढे डोंगरांची यादी येते, विंध्य, पारियात्र, सह्य, मलय, महेंद्र अशी, आणि तिथे ती लांब दक्षिणेपर्यंत जाते. मला हा कवितेचा प्रांत वाटतो. दक्षिणापथाच्या राजाने तीन समुद्रांवर हक्क सांगणे ही त्या काळची भाषा होती. प्रदेशांची यादी हा ताबा, डोंगर आणि समुद्र हा दावा, असे धरून वाचले की प्रशस्ती खोटीही ठरत नाही आणि नकाशाही फुगत नाही. आंध्रचा किनारा त्याच्या हाती होता की पुळुमावीने तो मिळवला, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सातवाहन राजांचे अमरावतीचे लेख पुळुमावीपासून सुरू होतात, हे लक्षात ठेवायला हवे.

तो नेमका कधी होऊन गेला?

दोन गट आहेत. नहपानाच्या काळातल्या लेखांत ४१ ते ४६ ही वर्षे येतात. ही वर्षे इ.स. ७८ पासून मोजली, तर ४६ म्हणजे इ.स. १२४. मग गौतमीपुत्राचे १८वे वर्ष त्याच सुमारास येते आणि त्याची कारकीर्द साधारण १०६ ते १३० अशी बसते. मराठी पुस्तकांत बहुधा हेच आकडे असतात.

दुसरा गट म्हणतो, ही नहपानाची स्वतःची राज्यवर्षे आहेत. पहिल्या शतकाच्या मध्यावरच्या पेरिप्लसमध्ये भडोचकडचा राजा ‘मनबनोस’ असा येतो. तो नहपान असेल, तर तो दुसऱ्या शतकात कसा नेता येईल? या हिशोबाने गौतमीपुत्र पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात येतो. नाण्यांचा अभ्यास करणाऱ्यांचा कल अलीकडे या बाजूला अधिक आहे, आणि पेरिप्लसचा पुरावा मलाही वजनदार वाटतो. पुढची कडी टॉलेमी देतो. इ.स. १५० च्या सुमारास लिहिताना तो पैठणला ‘सिरिपोलेमाइओस’, म्हणजे श्रीपुळुमावी, आणि उज्जैनला ‘तिआस्तेनेस’, म्हणजे चष्टन, असे राजे सांगतो. पण त्याची माहिती त्याच वर्षाची होती की जुन्या खलाशांकडून आलेली, यावर पुन्हा वाद आहेच.

शालिवाहन शक त्यानेच सुरू केला ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि याचे उत्तर ऐकून लोक नाराज होतात. तरी सांगायला हवे: नाही.

सातवाहन राजे कुठलाही शक वापरत नव्हते. गौतमीपुत्राच्या आज्ञापत्रांत ‘संवछरे १८’, ‘संवछरे २४’ असते, म्हणजे त्याच्या राज्याची वर्षे. नवा राजा आला की मोजणी पुन्हा एकपासून. पुळुमावीच्या १९व्या वर्षी प्रशस्ती कोरली गेली, तेव्हाही तेच. एखाद्याने विजयाच्या स्मरणार्थ शक सुरू केला आणि तो स्वतः, त्याची आई, त्याचा मुलगा यांपैकी कुणीच एकदाही वापरला नाही, हे पटत नाही.

इ.स. ७८ पासूनची मोजणी सलग वापरली ती चष्टनाच्या घराण्याने, म्हणजे पश्चिमेच्या क्षत्रपांनी. ती मुळात कनिष्काने सुरू केली की चष्टनाने, हा वेगळा वाद. जुने लेख तिला सरळ शकांचा काळ म्हणतात. बदामीच्या लेण्यात चालुक्य मंगलेशाचा शके ५०० चा लेख आहे. त्यात ही मोजणी शकराजाच्या राज्याभिषेकापासूनची असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. ‘शालिवाहन’ हे नाव तिला मध्ययुगात जोडले गेले. शकांचा काळ शकांना हरवणाऱ्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. १९५७ साली भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिकेसाठी शक घेतला, तो नुसता ‘शक’ म्हणून.

मग पैठणच्या कुंभाराघरचा शालिवाहन, मातीच्या सैनिकांत प्राण फुंकणारा, तो कोण?

तो लोकांनी घडवलेला राजा. सातवाहन या नावाचे शालिवाहन झाले, आणि एका घराण्यातल्या अनेक राजांच्या आठवणी एका माणसात गोळा झाल्या. त्याच्याशी विक्रमादित्याची गाठ घातली गेली, शेषनागाशी नाते जोडले गेले. लहानपणी मातीचे घोडे करताना ही गोष्ट ऐकलेली माणसे अजून आहेत, आणि ती गोष्ट टाकून द्यावी असे मी कधीच म्हणणार नाही. राजघराणी नामशेष झाली, लेण्यांतली लिपी वाचणारे उरले नाहीत, तरी एका विजयाची धूसर आठवण या मुलखाने कुंभाराच्या चाकावर दीड-दोन हजार वर्षे जपली. तिला तिच्या जागी मान द्यावा. तारीख काढायला मात्र तिच्याकडे जाऊ नये.

त्याने परकीयांना हाकलून दिले, असे म्हणावे का?

प्रशस्ती त्याला ‘सकयवनपल्हवनिसूदन’, शक, यवन आणि पल्हव यांचा संहारक, म्हणते, म्हणून हे वाक्य सहज तोंडी येते. पण त्याच नाशिकच्या डोंगरावर दहाव्या लेण्यात उषवदात काय लिहितो तेही वाचावे. तो पुष्करला जाऊन स्नान करतो, प्रभासला ब्राह्मणांची लग्ने लावून देतो, भिक्षूंच्या वस्त्रांसाठी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापणे (त्या काळची नाणी) कायम ठेव म्हणून ठेवतो: २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल मोडायचे नाही, व्याज वापरायचे. त्याची बायको दक्षमित्रा, नहपानाची मुलगी, तीही लेण्यातल्या खोलीचे दान करते. ही माणसे इथल्या देवांत, इथल्या संघात, इथल्या बाजारात पुरती मिसळली होती.

‘यवन’, मुळात ग्रीक, हाही शब्द फसवा आहे. त्याच काळात कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटाच्या यवनांनी खांब दान केले आहेत.

गौतमीपुत्राने एका प्रतिस्पर्धी राजवंशाचा पाडाव केला आणि आपल्या घराण्याचा मुलूख परत मिळवला. ‘सातवाहनकुलयसपतिथापनकरस’ हे शब्द नेमके आहेत: सातवाहन कुळाचे यश पुन्हा स्थापणारा. कुळाचे यश. आजच्या राष्ट्र-परराष्ट्राच्या कल्पना त्यावर लादल्या की त्या माणसांचे आपसांतले खरे नाते दिसेनासे होते.

तो ब्राह्मण होता का? त्याने जातिव्यवस्था कडक केली का?

एका शब्दावरून शंभर वर्षे वाद चालला आहे: ‘एकबम्हणस’. काहींनी अर्थ लावला ‘अद्वितीय ब्राह्मण’, आणि शेजारी ‘खतियदपमानमदनस’, क्षत्रियांचा दर्प आणि मान मोडणारा, असे विशेषण असल्याने परशुरामासारखी प्रतिमा उभी केली. इतरांनी अर्थ लावला ‘ब्राह्मणांचा एकमेव आश्रय’. गौतमी स्वतःला राजर्षीच्या वधूला शोभेल असे वागणारी म्हणते, आणि राजर्षी हा शब्द ब्राह्मणाला सहसा लावत नाहीत, हे त्यांचे बोट ठेवण्यासारखे म्हणणे आहे. नंतरच्या कथांत शालिवाहन ब्राह्मण आणि नाग यांच्या मिश्र कुळातला सांगितला जातो. जातीचा दाखला देण्याइतका पुरावा यातून निघत नाही, असे माझे मत. दोन्ही बाजूंनी या राजाला आपल्या रांगेत ओढणाऱ्यांना तो एक शब्द झेपणारा नाही.

‘विनिवतितचातुवणसंकरस’, चारी वर्णांचा संकर थांबवणारा, हेही प्रशस्तीत आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. हा आदर्श राजाविषयीचा त्या काळचा साचा होता, आणि आज आपण तो आदर्श मानू शकत नाही. शिवाय खुद्द राजघराण्यात काय घडले? कान्हेरीच्या एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी येते. ती कार्दमक, म्हणजे चष्टनाच्या, वंशातली, महाक्षत्रपाची मुलगी. ज्या क्षत्रपांशी पिढ्यान्‌पिढ्या लढाई, त्यांच्याच घरची सून गौतमीपुत्राच्या घराण्यात आली.

वैदिक धर्माचा अभिमानी राजा बौद्ध भिक्षूंना जमिनी का देत होता?

यात विसंगती आपल्याला दिसते, त्यांना दिसत नव्हती. लेणी घाटवाटांवर होती. व्यापारी, कारागीर, शेतकरी, राजे, सगळे तिथे दान करत. प्रशस्तीत राजाची तुलना राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्याशी आहे आणि ज्या लेण्यात ती कोरली आहे ते भद्रायणीय पंथाच्या भिक्षूंना दिलेले आहे. एकाच भिंतीवर दोन्ही सुखाने नांदतात.

सामान्य माणसाला या राजाचा काय अनुभव आला?

प्रशस्ती म्हणते, तो पौरजनांच्या सुखदुःखात समरस होता, धर्माने मिळणाऱ्या कराचाच विनियोग करत होता, अपराधी शत्रूचाही जीव घेण्याची त्याला आवड नव्हती. भिक्षूंच्या शेताला दिलेल्या सवलती वाचल्या की उरलेल्या शेतांना काय सोसावे लागे तेही समजते. राजाच्या माणसांनी तिथे शिरू नये, हात लावू नये, मिठासाठी खणू नये, जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी दखल देऊ नये. म्हणजे इतरत्र शिरत, हात लावत, खणत.

पण माझ्या मते या राजाच्या काळाचे सर्वांत खरे वाक्य २४व्या वर्षाच्या आज्ञापत्रात आहे. सहा वर्षांपूर्वी, विजयाच्या पावसाळ्यात, काखडी गावचे शेत भिक्षूंना दिले होते. आता राजा आणि राजमाता गोवर्धनचा अमात्य श्यामक याला आधी आरोग्य चिंततात आणि मग लिहितात: ‘त च खेत न कसते, सो च गामो न वसति.’

भाषांतराची गरज नाही. ते शेत कसत नाहीत आणि ते गाव वसत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचे कसणे आणि वसणे, आपण आजही सातबाऱ्यावर आणि गावगाड्यात वापरतो तेच.

गाव का ओस पडले ते लेख सांगत नाही. ते ज्या मुलखात होते, तिथून दोन राजांची सैन्ये गेली होती, एवढे आपल्याला माहीत आहे. त्याऐवजी शहराच्या हद्दीवरची, राजाच्या मालकीची १०० निवर्तने जमीन देण्याची आज्ञा होते. मजकूर लोटा नावाच्या प्रतिहारीने लिहिला आहे. आधीच्या २०० च्या जागी आता १००. जिंकलेल्या प्रदेशाची घडी सहा वर्षांनंतरही पुरती बसली नव्हती, आणि ते खुद्द राजाने दगडावर मान्य केले. या प्रामाणिकपणामुळे मला तो तीन समुद्रांच्या विशेषणापेक्षा मोठा वाटतो.

तो मराठी राजा की आंध्रचा?

पुराणे या घराण्याला ‘आंध्र’ म्हणतात. सुरुवातीचे लेख नाणेघाट आणि नाशिकला आहेत. घराण्याचा संस्थापक सिमुक याची नाणी तेलंगणात कोटिलिंगालला सापडली. ‘सातवाहनीहार’ हा प्रांत कर्नाटकात बळ्ळारीकडे होता. तिन्ही राज्यांना हक्क सांगायला पुरावा आहे, आणि कोणालाही एकट्याने सांगायला पुरेसा नाही. गौतमीपुत्रापुरते बोलायचे तर त्याची आज्ञापत्रे सह्याद्रीच्या लेण्यांत आहेत आणि भाषा प्राकृत आहे, जिच्यातून आपली मराठी आली. आपल्याला तो जवळचा वाटायला एवढे पुरे आहे. त्यासाठी इतरांचा हक्क नाकारायला नको.

त्याचे विजय टिकले का?

दक्षिणेत टिकले, उत्तरेत नाही. गिरनारच्या शिलालेखात, शके ७२ म्हणजे इ.स. १५० मध्ये, महाक्षत्रप रुद्रदामन सांगतो की दक्षिणापथपती सातकर्णीला आपण दोनदा उघड युद्धात हरवले, पण जवळच्या नात्यामुळे समूळ नष्ट केले नाही. त्याच्या मुलखाच्या यादीत आकर-अवन्ती, अनूप, सुराष्ट्र, कुकुर आणि अपरान्त आहेत. बलश्रीच्या यादीशी पडताळून पाहा: तीच नावे, मालक दुसरा. हा हरलेला सातकर्णी कोणता, यावर मतभेद आहेत. ‘नाते’ म्हणजे बहुधा वर सांगितलेली ती सून.

हे सगळे प्रत्यक्ष पाहायचे तर कुठे जावे?

नाणेघाट, कार्ले, जुन्नरचा मानमोडी डोंगर, कान्हेरी, सगळीकडे जावे. पण एकच जागा निवडायची तर नाशिकची पांडवलेणी. आधी दहाव्या लेण्यात जा, ते नहपानाचे. खांबांची शीर्षे घंटेच्या आकाराची, आत १६ खोल्या. मग तिसऱ्या लेण्यात या. आराखडा तोच, खांबांची घडण त्याच धर्तीवर, खोल्या १८. ओसरीचा भार सहा यक्षांनी खांद्यावर घेतला आहे. हरलेल्याच्या लेण्याला तोडीस तोड देण्याची जिद्द दगडात दिसते, आणि नहपानाच्या कारागिरांचा हात अधिक सफाईदार होता हेही दिसते.

सकाळी लवकर जावे, गर्दी नसते. ओसरीच्या मागच्या भिंतीवर आईची प्रशस्ती आहे, ती आधी पाहा. मग पूर्वेकडच्या भिंतीकडे वळा, छताजवळ वर बघा. विजयाचा पावसाळा आणि ओस पडलेले काखडी, दोन्ही तिथे एकाखाली एक आहेत. अक्षरे लहान आहेत, दुर्बीण असेल तर बरोबर ठेवा.